दोन मुक्या पट्ट्या

कलेला सीमा नसतात. आमच्या कलेला दोन होत्या. दोन्ही पेटीत होत्या, आणि पेटी देणारे गृहस्थ कॉलेजचे अध्यक्ष होते.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. राज्य नवं होतं आणि आमचं कॉलेज त्याहून नवं. ते अध्यक्षांच्या सुपारीच्या जुन्या गोदामात भरायचं. तर्कशास्त्राच्या तासाला सुपारीचा वास यायचा आणि इतिहासाच्या तासाला, वारा फिरला की, सुकत घातलेल्या मासळीचा. अध्यक्षांच्या समुद्रालगत नारळ-सुपारीच्या वाड्या होत्या. खोती कायद्याने गेली होती, पण ‘खोत’ ही हाक कायद्याच्या हाती लागली नव्हती. लोक त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि वळल्यावर खोत म्हणत. त्यांना दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्ही आवडायचं.

कॉलेजला त्यांनी गोदाम दिलं आणि दुसऱ्या वर्षी पेटी दिली. पेटीच्या प्रेक्षकांकडच्या बाजूला त्यांच्या नावाची पितळी पाटी होती. मी पेटी वाजवायला बसलो की पाटीच्या बरोबर वर माझा चेहरा यायचा, त्यामुळे परगावच्या लोकांना ते माझंच नाव वाटे. कार्यक्रमानंतर दोन-तीनदा मला त्या नावाने हाक मारली गेली. पहिल्यांदा मी खुलासा केला. नंतर सोडून दिलं.

आमच्या संघाला प्रिन्सिपॉल वाद्यवृंद म्हणायचे, आम्ही ऑर्केस्ट्रा म्हणायचो आणि गावकरी बँड म्हणायचे. बोर्ली पंचतनच्या बाजारात एका गृहस्थांनी मला थांबवलं. “कॉलेजचा बँड तुमचाच ना? मुलीच्या लग्नाला पाहिजे. बिगुल किती आहेत?”

“बिगुल नाहीत.”

“ढोल?”

“एक तबला आहे.”

त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि ते भाजी घ्यायला गेले.

बँडमध्ये पेटीवर मी, तबल्यावर माणगावच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातला माझा वर्गमित्र, आणि गायला प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची मुलगी. एक बुलबुलतरंगवाला होता. तो आला तर आम्ही त्याला मोजायचो.

खाऱ्या हवेत पितळेचं काय होतं हे किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगावं लागत नाही. पेटीच्या आत जे सूर बसवलेले असतात ते पितळेचेच. पहिल्या पावसाळ्यानंतर मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या मुक्या झाल्या. दाबल्या की नुसता वारा यायचा. मी प्रिन्सिपॉलांना सांगायला गेलो. पेटी मुंबईला दुरुस्तीला पाठवावी लागेल, म्हणालो.

“म्हणजे साहेबांनी दिलेली पेटी खराब आहे, असं आपण लेखी द्यायचं?”

“खराब नाही. दोनच सूर...”

“तुम्हाला किती सूर लागतात?”

“सात, सर.”

“पाच आहेत ना?” ते म्हणाले. ते अर्थशास्त्र शिकवायचे.

गाणारीचा षड्ज काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी. तिथून मोजलं तर मुक्या पट्ट्या नेमक्या मध्यम आणि निषाद यायच्या. तिला एक पायरी चढवलं तर गंधार जायचा आणि थोडं उतरवलं तर पंचम. शिवाय तबला एकच होता आणि त्या दमट हवेत तो मोठ्या मिनतवारीने काळी चारला चढायचा. तेव्हा आहे तिथेच राहायचं ठरलं. मराठीचे प्राध्यापक गाणी लिहून द्यायचे आणि मी त्यांना चाली लावायचो, त्या मध्यम आणि निषाद टाळून. मध्यम आणि निषाद टाळले की जे उरतं त्याला भूप म्हणतात. अशा रीतीने आमचं स्वागतगीत भूपात होतं, निरोपगीत भूपात होतं, आणि नारळाच्या झाडावरचं एक दीर्घ गीत होतं, तेही भूपात होतं. सीमेवरच्या जवानाला उद्देशून एक होतं. त्यात जवानाला पहाटे झोपेतून हळुवार उठवल्यासारखं वाटायचं.

लोकांसमोर वाजवण्याबद्दल पुष्कळ उदात्त लिहिलं गेलं आहे. माझा अनुभव असा की पहिल्या दहा मिनिटांत कळतं, हे लोक गाण्यासाठी आलेले नाहीत. आम्हाला दोन भाषणांच्या मध्ये बसवलेलं असायचं. एक वक्ता जाऊन दुसरा येईपर्यंत खुर्च्या सरकतात, हार शोधले जातात, कुणाचं तरी मूल रडतं. तो आवाज झाकणं हे आमचं काम. लाँचने दिघीला जाताना मी पेटी गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचो, आणि तबलजी तबला छातीशी धरून बसायचा, म्हणजे तो उतरू नये. एकदा एका म्हातारीने विचारलं, “आजारी हाय का?” तो म्हणाला, “व्हय, सर्दी हाय.”

तरीही कधीकधी, खुर्च्या सरकत असतानाही, ती गायला लागली की पुढच्या चार-सहा माना वळायच्या. तेवढ्यासाठी मी पेटी वाहत होतो. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

तिला रेडिओवर गायचं होतं. तिच्या वडिलांचा, म्हणजे मास्तरांचा, गाण्याला विरोध नव्हता. त्यांचा गाण्यावर विश्वास नव्हता. जूनपासून तिने ट्रेनिंग कॉलेजला जावं आणि शिक्षिका व्हावं असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या हिवाळ्यात अध्यक्षांची एकसष्टी निघाली. त्यांचे व्याही, मुंबईचे एक जाणते गवई, दम्यासाठी हवापालट म्हणून त्यांच्याच वाडीतल्या बंगलीत महिनाभर उतरले होते. सगळे त्यांना बुवा म्हणायचे. रेडिओवर गाणाऱ्यांचे आवाज तपासतात त्या मंडळींत बुवा पूर्वी बसायचे, आणि त्यांची चिठ्ठी अजून चालायची. एकसष्टीचे पाहुणे तेच.

“आप्पांनी कबूल केलंय,” तालमीला आल्या आल्या ती म्हणाली. “बुवा चारचौघांत म्हणाले की गळा चांगला आहे, तर मला मुंबईला परीक्षेला नेतील.”

“आणि काहीच म्हणाले नाहीत तर?” मी विचारलं.

“तर ट्रेनिंग कॉलेज. आप्पा गणित शिकवतात. मधलं काही ठेवत नाहीत.”

“ताई, मास्तरीण झालात तर माज्या पोरांना मारू नका,” तबलजी म्हणाला.

“तुमचं लग्न तरी झालंय का?”

“व्हईल की. तवर तुमी बदली घेऊन येताच.”

ती हसली नाही. पहिल्यांदाच तिने एकच कडवं चार वेळा घ्यायला लावलं.

एकसष्टी वाडीतच झाली, दुपारी चारला. सुपारीच्या झाडांमध्ये मांडव, पुढे कोच, मागे सतरंज्या. अध्यक्षांची तुला नारळांनी करायची असं ठरलं होतं. नारळ त्यांच्याच झाडांचे होते आणि तुलेनंतर त्यांच्याच कोठारात जायचे होते, त्यामुळे कुणाचीच अडचण नव्हती. वक्त्यांनी त्यांना कल्पवृक्ष म्हटलं, वटवृक्ष म्हटलं, एकाने दीपस्तंभ म्हटलं. दर दोन भाषणांच्या मध्ये आम्ही. नऊ गाणी झाली. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून लोक ओळखीचं काही ऐकल्यासारखी मान हलवू लागले, आणि सातव्याला मागून कुणीतरी म्हणालं, “हे मघाशी झालं की!”

मास्तर तिसऱ्या रांगेत बसले होते. छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी, दोन्ही हात मुठीवर. ते मुलीकडे बघत नव्हते. बुवांकडे बघत होते.

बुवा सत्काराला उत्तर द्यायला उठले आणि आमच्याकडे वळले.

“भूप झाला,” ते म्हणाले. “पुष्कळ झाला. एकाच रागावर एवढी निष्ठा मी मोठमोठ्या घराण्यांतही पाहिली नाही.” प्रिन्सिपॉलांनी मान लववली. “पण बाळ, आता जरा दुसरं काही म्हण. चांगला भरघोस मध्यम असलेलं. गळा कळू दे मला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाटीआडून हळू म्हटलं, “मध्यमावर मी नसेन.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “आजवर कुठे होतात?”

“म्या हाय,” तबलजी म्हणाला.

तिने घरी आईकडून शिकलेलं एक भजन धरलं. त्याला चाल मी लावलेली नव्हती, त्यामुळे त्यात सातही सूर होते. पहिलाच ठहराव मध्यमावर. मी सवयीने पट्टी दाबली, भात्याने सुस्कारा सोडला आणि तिचा आवाज एकटाच राहिला. हलला नाही. पुढच्या वेळी मी पट्टीला हातच लावला नाही. निषादालाही नाही. तिथं तिथं पेटी थांबायची, वाडीतला वारा आणि मागच्या समुद्राची गाज ऐकू यायची, आणि त्या दोन्हींत तिचा सूर जिथल्या तिथे असायचा. मग पंचमावर मी पुन्हा येऊन मिळायचो, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. खुर्च्या सरकत नव्हत्या. हे माझ्या लक्षात आलं, कारण त्या नेहमी सरकतात.

भजन संपलं. मास्तरांनी छत्री डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

“साथ अशी पाहिजे,” बुवा म्हणाले, आणि बोट माझ्याकडे केलं. “नाजूक जागा आली की हा मुलगा हात काढून घेतो. गाणाऱ्याला झाकत नाही. हा संयम हल्ली मुंबईत राहिलेला नाही.”

टाळ्या पडल्या. मी संयमाने मान खाली घातली. मुलीबद्दल ते अजून एक शब्दही बोलले नव्हते. ती हात मांडीवर ठेवून बसली होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते पुढे बोलणार तेवढ्यात अध्यक्ष उठले. कौतुक पेटीच्या दिशेने चाललेलं त्यांनी पाहिलं होतं.

“बुवा, पेटी आमच्याकडचीच. आपलेही दोन सूर लागले तर तिचं सोनं होईल.”

मला उठावं लागलं. बुवा माझ्या जागी बसले. प्रिन्सिपॉल मांडवाच्या छताकडे पाहू लागले. बुवांनी षड्ज धरला, रिषभ, गंधार आणि पुढे गेले. वारा. त्यांनी बोटाकडे पाहिलं आणि पट्टी पुन्हा दाबली. वारा. मग ते पंचमावर गेले, धैवत झाला, आणि निषादावर तेच. त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुढे वाकून पाटी वाचली. बंगलीतले त्यांचे अजून पंधरा दिवस शिल्लक होते आणि दम्याला फरक पडत होता.

त्यांनी जे उरलं होतं त्यात एक छोटी आलापी वाजवली. लोकांनी दहाव्यांदा भूप ऐकला.

“पेटी फार गोड आहे,” ते उभे राहून म्हणाले. अध्यक्षांनी हात जोडले, नारळ उचलायची सूचना झाली आणि सभा पांगली.

ती जागची हलली नाही. चारचौघांत काही म्हटलं गेलं नव्हतं, आणि चारचौघे आता चहाकडे चालले होते.

बुवांनी मला खांद्याला धरून एका माडाआड नेलं. “कधीपासून?”

“पहिल्या पावसाळ्यापासून.”

“आणि नऊ चाली भूपात बांधल्यास?”

“दहावी चालू आहे.”

“थांबव,” ते म्हणाले. मग सरळ मास्तरांकडे गेले. चहाच्या टेबलाशी दहा-बाराजण उभे होते, त्यांच्या देखत म्हणाले, “मास्तर, तुमच्या मुलीला सगळ्यात अवघड जागी कुणाचीच साथ नव्हती. तिचा सूर केसभर हलला नाही. मी चिठ्ठी देतो, मुंबईला न्या.”

मास्तरांनी कपबशी खाली ठेवली. “म्हणजे गळा चांगला आहे?”

“चांगला आहे.”

“शंभरपैकी किती?”

बुवांना जन्मात कुणी हे विचारलं नसावं. त्यांनी खरोखर विचार केला. “बहात्तर.”

“म्हणजे पहिला वर्ग,” मास्तर म्हणाले, आणि मुलीला हाक मारून त्यांनी तिच्या हातात स्वतःची कपबशी दिली. ती चहा घेत नसे. तिने तो सगळा प्यायला.

माघात मास्तर तिला मुंबईला घेऊन गेले. जाताना धक्क्यावर आम्ही दोघं गेलो होतो. तबलजीने तिला आवळ्याची सुपारी दिली, गळ्यासाठी म्हणून. मी काय द्यायचं ते ठरवलं नव्हतं, त्यामुळे लाँच सुटेपर्यंत त्यांची ट्रंक धरून उभा राहिलो.

तिला रेडिओवर घेतलं. गाण्याच्या परीक्षकांनी सांगितलं की गळा खरा आहे, पण असे गळे त्यांच्याकडे रांगेत उभे आहेत. मात्र बाहेर बसलेल्या दुसऱ्या एका साहेबांनी तिचं नाव-गाव विचारताना तिचे उच्चार ऐकले होते. जूनमध्ये ती मावशीकडे राहायला गेली आणि संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलू लागली. भातावर खोडकिडा पडला तर कोणतं औषध किती पाण्यात मिसळायचं, हे ती फार स्पष्ट सांगायची.

मास्तरांनी त्यासाठी रेडिओ घेतला आणि ते एकही दिवस न चुकता ऐकायचे. त्यांना शेत नव्हतं.