बाकाचा रंग आणि माझा

पनवेलच्या बंदरावर एक जुना मचवा मोडीत निघाला, तेव्हा वडिलांनी त्याच्या सागवानी फळ्या आणून ओटीवर बसायला बाक करून घेतला. सुताराने रंधा मारला आणि आतून असा मधासारखा रंग निघाला, की कचेरीत दिवसभर शिक्के मारणारे आमचे वडील एकदम रसिक झाले. खिळ्यांच्या भोकांभोवतीचे काळे डागसुद्धा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवू लागले. वर नुसतं लाखेचं पॉलिश मारायचं, रंगाचा थेंबही नको, असा त्यांचा हुकूम होता.

आईला मात्र बाक काळा शिसवी हवा होता. कारण मी. मी सावळी, दोन ठिकाणांहून रंगावरूनच नकार आलेला, आणि आता तिसरे पाहुणे बघायला येणार होते. उजळ बाकावर बसले तर आणखी काळी दिसेन, काळ्यावर बसले तर जरा तरी उजळ दिसेन, असं आईचं साधं गणित होतं. आत्यानेही तिचीच बाजू घेतली. एरवी त्या दोघींमधून विस्तव जात नसे.

आठवडाभर घरात हाच काथ्याकूट. माझं मत कुणी विचारलं नाही, सुताराचं विचारलं.

"तुमी सांगाल त्यो रंग लावतो," तो म्हणाला. "पन लवकर सांगा."

शेवटी तोड निघाली. बाक मूळ रंगातच राहिला आणि माझ्यासाठी शेजारून काळी खुर्ची आली. उरलीसुरली कसर आत्याने पावडरीने भरून काढली. आरशात पाहिलं तर मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होते. असा संताप आला होता, पण तशीच जाऊन काळ्या खुर्चीवर बसले.

पाहुणे बाकावर बसले. मुलाच्या वडिलांनी फळीवरून हात फिरवला आणि रंग कुठला लावलात म्हणून विचारलं. आमचे वडील खुलले.

"काही लावलेलं नाही. देवाने दिलेला रंग झाकायचा कशाला?"

"मग मी तोंड धुऊन येऊ?" मी विचारलं.

मी उठले, मोरीवर जाऊन खसखसून तोंड धुतलं आणि बाकाच्या मोकळ्या टोकाला येऊन बसले.

आठ दिवसांनी मध्यस्थाकरवी नकार आला. मुलगी फटकळ आहे, असं कारण होतं. आई रडली. मला मात्र पेढे वाटावेसे वाटले. या खेपेला माझ्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.