प्लास्टिकचं क्वार्टर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी निवृत्तीनंतर बांधलं, तेही प्लास्टिकचं आणि जेवणाच्या डब्याएवढं. तेवढ्यानेही नाकी नऊ आले.

मॉडेल रेल्वेचा नाद मला अंबरनाथच्या कारखान्यात होतो तेव्हापासून आहे. हेंद्रेपाड्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत फळीवर रूळ मांडलेत आणि त्यांच्या कडेला किटमधून जोडलेल्या इमारती. किट सगळी परदेशी. उंच धुराडी, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. त्यातून आपल्याकडची इमारत काढायची तर बरंच काही कापून टाकावं लागतं. मला तेच आवडतं. कागदावर दाखवलंय तसंच जोडायचं असेल तर त्यात आपलं काय?

या खेपेला मनात आमचं जुनं क्वार्टर होतं. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. अंबरनाथला रुळांलगतच्या त्या दोन खोल्यांत मी वाढलो. ते कधीच पाडलं, त्याचा एक फोटोही आमच्याकडे नाही. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला पुन्हा बारीकसारीक दिसायला लागलंय. तिला ते घर दाखवावं आणि तिने बघताक्षणी ओळखावं, एवढीच माझी इच्छा होती.

फाटकवाल्याच्या घराचं एक किट घेतलं. धुराडं कापून भोकात पुट्टी भरली, कुंड्या घासून काढल्या, पुढे प्लास्टिकच्या पातळ तुकड्यांचा ओटा केला. छपराला मंगलोरी कौलांचा लाल दिला. रंग मी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका दुकानातून आणतो. काळा आणि गंजाचा तपकिरी मागितला तेव्हा तिथले सिंधी मालक म्हणाले, "साईं, लोग पुराने मकान को नया करते हैं, आप नये को पुराना करते हो."

मी हसलो. या छंदातली खरी कला तीच. कोरं प्लास्टिक खेळण्यासारखं दिसतं. मी काळा रंग पाण्यासारखा पातळ करून भिंतींवरून ओघळू दिला. पन्हाळीखाली गंज, पायथ्याशी शेवाळ. मग तपकिरी खडूची पूड कोरड्या ब्रशने चोळून रुळांवरची धूळ चढवली. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "छान केलंयस. कुणाचं घर?"

मला रागच आला. "आपलं क्वार्टर आहे, आई. हा ओटा, ही मोरीची खिडकी."

"आपलं नाही हे. एवढी अवकळा मी कधी येऊ दिली होती का घराला? दर दिवाळीला चुना लागायचा."

तिचं खरं होतं. चुना भिजत घातलेल्या पिंपात नीळ टाकायचं काम माझंच असायचं. मी मात्र घर रंगवलं होतं ते गाडीतून जाता जाता कुणालाही दिसेल तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढऱ्यात थेंबभर निळा मिसळला. आई खुर्ची ओढून शेजारी बसली. समोरची भिंत झाली, बाजूच्या दोन झाल्या. ओट्याला गेरूच हवा म्हणाली, तोही दिला. मग मी घर फिरवून मागच्या भिंतीला ब्रश लावणार, तोच तिने माझं मनगट धरलं.

"ती राहू दे."

"का गं?"

"रुळांकडची ना ती? ती तुझे बाबा करायचे. ते गेले त्या वर्षी बाकीच्या तीन मी केल्या. ती काही माझ्याच्याने झाली नाही. तशीच ठेवून निघालो आपण."

मी तेव्हा सातवीत होतो. क्वार्टर सोडताना आई रडली नाही, याचं मला कितीतरी वर्षं नवल वाटत आलं होतं. चुना न लागलेली ती भिंत तेव्हा माझ्या लक्षातच आली नव्हती. आता दिसली, आणि मी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

आईने घर दोन्ही हातांत घेतलं, ती काळी भिंत आपल्याकडे वळवली आणि म्हणाली, "हां. हे आपलं."