आत्याच्या वहीतले शेरे

कुसुमआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. शेजारच्या पद्मम्मांनी तेलुगूत दोनच वाक्यं सांगितली, टीचरगारू गेल्या, तू लगेच ये. मी गेले, पुढचं सगळं रीतसर झालं आणि त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. लिहायचं आहे ते चौथ्या दिवसापासूनचं. त्या दिवशी हैदराबादेत, आत्याच्या घराजवळच्या कोठीच्या चौकात, बसस्टॉपच्या डोक्यावर, एक फ्लेक्स लागला. त्यावर आमच्या मतदारसंघाचे माजी खासदार हात जोडून उभे, त्यांच्या पायाशी त्यांची पाच-सहा माणसं, आणि एका कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी माझी आत्या. चाळीस वर्षं त्याच चौकातून चालत शाळेत गेलेल्या बाईला त्या फ्लेक्सवर ओळखायला मला जवळ जावं लागलं. दहाव्याला त्या खासदारांचा खास माणूस, किशोर, हार घेऊन आला. मोठ्या गाडीतून उतरला, आमच्या दोन खोल्यांत मावेनासा हार आत्याच्या फोटोला घातला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "आमच्या साहेबांना मतदारसंघ कुणी शिकवला? या बाईंनी!" लोकांनी माना डोलावल्या. मी स्वयंपाकघरात होते. हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्याच्या अंगावर फेकला नाही याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं मूळ घराणं मराठवाड्यातलं, शेतीवाडीचं. आजोबा निजामाच्या काळात नोकरीसाठी हैदराबादेत आले आणि राज्याची वाटणी झाली तेव्हा मराठवाडा तिकडे गेला, आम्ही इकडेच राहिलो. वडील रेल्वेत, म्हणून आम्ही सिकंदराबादेत. आत्या मात्र कोठीमागच्या दोन खोल्या सोडायला कधीच तयार झाली नाही. तिने लग्न केलं नाही. मराठी शाळेत मास्तरीण झाली, आणि सरकारी नियमाप्रमाणे मास्तरणीच्या गळ्यात जी कामं पडतात, मतदार याद्यांसाठी घरोघर फिरायचं, मतदानाला बूथवर बसायचं, मतमोजणीला हजर राहायचं, ती सगळी तिच्याही गळ्यात पडली. बाकीच्या शिक्षकांनी ती नाकं मुरडत केली. आत्याला मात्र त्याचं वेड लागलं.

आपल्या मतदारसंघाचा इतिहास ती पुठ्ठ्याच्या जाड वह्यांमध्ये लिहायची. सुरुवात अगदी पहिल्या निवडणुकीपासून, जी तिने पोरवयात आजीचं बोट धरून पाहिली होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि पडद्याआड जाऊन आपल्या माणसाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. त्या आजीने, म्हणजे आमच्या पणजीने, मत टाकलं, आणि मोठं शुभकार्य केलं म्हणून कनवटीची पुडी काढून त्या पेटीला हळदकुंकू लावलं! तिच्यामागे गेलेल्या प्रत्येकाला कळलं की देशपांडेवहिनींनी मत कुणाला दिलं. पणजोबा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत म्हणे. ही गोष्ट आत्या इतकी रंगवून सांगायची की डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही हसायचो. वेगळ्या राज्याच्या मागणीवर लढलेली निवडणूक, आणीबाणीनंतरची निवडणूक, जेव्हा उत्तरेने एक कौल दिला आणि आंध्राने बरोबर उलटा, मग नवा प्रादेशिक पक्ष आला तेव्हाची... सगळं त्या वह्यांत होतं. कुठल्या वर्षी कुठल्या वस्तीने कूस बदलली, आणि का बदलली.

हे "का" तिला कसं कळायचं? तर संक्रांतीच्या हळदीकुंकवात. आत्या यादीच्या कामाने सगळ्या गल्ल्यांत ओळखीची झाली होती. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन मराठी, तेलुगू, मुसलमान, सगळ्यांच्या दारी जायची आणि बायका तिच्या घरी यायच्या. कुंकू ज्यांना चालायचं त्यांना कुंकू, बाकीच्यांना अत्तर. नवरे नसायचे, सासरे नसायचे. गप्पांच्या ओघात आत्या सहज विचारायची, "यंदा कुणाला दिलंस गं?" आणि बायका सांगायच्या. घरात नवऱ्याला एक सांगितलेलं असायचं, आत्याला दुसरं, म्हणजे खरं सांगायच्या. बाई कुणाला बोलणार नाहीत याची त्यांना खात्री होती. आत्या बोलायची नाहीच. पण रात्री वहीत शेरा लिहायची. अमुक गल्ली, बायका सगळ्या विरोधात, पुरुषांना पत्ता नाही.

मोजणीच्या आधी सगळ्या बूथच्या मतपत्रिका पिंपात ओतून मिसळत. आत्याने ते काम स्वतः केलेलं होतं. मी एकदा म्हटलं, किती वेळखाऊ प्रकार आहे हा. ती चिडली. "पोट्टे, ते पिंप उगाच नाही. कुठल्या गल्लीने काय केलं ते निवडून आलेल्याला कळू नये म्हणून आहे ते. कळलं तर तो गल्ली जगू देईल का?" नंतर मतदानाचं मशीन आलं. मशीन प्रत्येक बूथचा आकडा वेगळा देऊ लागलं. सगळं शहर त्या मशीनवर खूश होतं. आत्या म्हणाली, "हे यंत्र चहाडी करणार."

मला तिचा राग येतो तो इथे. इतकं कळत होतं तर शेरे लिहिलेस कशाला? बायकांच्या पोटातलं कागदावर उतरवायची तुला काय गरज होती? मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. पण तिच्यावरचा राग किती, आणि खरा दुसरीकडचा किती, ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

ते दिवस शहराला हर्षवायू झाल्याचे होते. रोज नवा उड्डाणपूल, रोज नवी कंपनी, पुण्यामुंबईची मुलं बॅगा घेऊन हैदराबादेत उतरत होती. मला बेगमपेटच्या एका संगणक कंपनीत नोकरी लागली. माहिती म्हणजे ताकद, असं आमच्या ऑफिसच्या भिंतीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि मी ते खरं मानत होते. मशीनवरची पहिली निवडणूक झाली, संक्रांतही झाली, आणि मी आत्याला म्हटलं, तुझ्या वह्या मी कॉम्प्युटरवर चढवते. ती बरेच दिवस नको म्हणाली. मग एक दिवस वह्या पिशवीत घालून दिल्या आणि दाराशी थांबवून म्हणाली, "नंदे, फक्त आकडे घे. शेरे नक्को."

मी शेरे घेतले. ऑफिस सुटल्यावर बसून एकूण एक शेरा टाइप केला. आकड्यांना काय चव आहे, शेऱ्यांतच खरी गंमत आहे, असं मला वाटलं. आणि किशोर, जो आमच्या कंपनीत कामासाठी यायचा आणि तेव्हा नव्याने निवडून आलेल्या याच खासदारांच्या ऑफिसात ऊठबस करायचा, तो म्हणाला की साहेब याचं पुस्तक काढतील, वरती तुझ्या आत्याचं नाव. मी त्याला फ्लॉपी दिली. आत्याला विचारलं नाही, कारण पुस्तक हातात ठेवून तिला चकित करायचं होतं. सव्वीस वर्षांची घोडी होते मी. अजाण नव्हते.

अफझलगंजच्या मागे, मूसी नदीच्या अंगाला, एक गल्ली आहे. तिथे पाण्याची नवी लाईन मंजूर झाली होती. रस्ता खणून झाला होता, गल्लीच्या तोंडाशी पाइप येऊन पडले होते. खासदार निवडून आले, पण त्या बूथवर पडले. एवढं मशीननेही सांगितलं असतं. बाकीचं माझ्या फ्लॉपीने सांगितलं. एका सकाळी ट्रक आला आणि पाइप उचलून शेजारच्या गल्लीत घेऊन गेला. लोक ओरडू लागले तेव्हा किशोर छापील कागद घेऊन उभा राहिला आणि त्याने पुरुषांच्या समोर तो शेरा मोठ्याने वाचला. बायका सगळ्या विरोधात, पुरुषांना पत्ता नाही. त्या दिवशी त्या गल्लीत घराघरांत काय झालं ते मी इथे लिहीत नाही. पाण्यासाठी मात्र पुढे दोन उन्हाळे बायका घडे घेऊन अफझलगंजच्या नळापर्यंत चालत होत्या. लोकशाहीच्या गप्पा मारणाऱ्या त्या हरामखोर खासदाराने चाळीस घरांचं पाणी पळवलं, आणि त्याची माणसं हार घेऊन आमच्या घरी येतात.

पाइप गेल्यानंतरच्या रविवारी सकाळी त्या गल्लीतली शहनाजबी आणि आणखी दोघी आत्याकडे आल्या. मी तिथेच होते. शहनाजबीची मुलगी आत्याकडे घरी शिकवणीला येऊन शिकलेली, दोघींचं सख्य मोठं. तिने तो कागद आत्याच्या पुढ्यात टाकला. तिच्या गालावर वळ होता. "बाई, हम तुमकू बोले थे," ती म्हणाली. "तुम किसकू बोले?"

आत्याने कागद वाचला. शेरे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं... पण त्याआधी ती म्हणाली, "मैंच दी माँ. मेरेसेच गलती हुई."

त्या गेल्यावर मी रडत विचारलं, असं का बोललीस. ती भाजी निवडत बसली होती. "टाइप तू केलेस. लिहिले मी. हा विषय पुन्हा काढू नकोस," एवढंच म्हणाली. मी काढला नाही. तिची आज्ञा म्हणून नव्हे, मला ते सोयीचं होतं म्हणून. तिने त्या गल्लीसाठी दर सोमवारी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खेटे घातले, अर्ज दिले, साहेबलोकांच्या खोल्यांबाहेर तासन् तास बसली, आणि दोन वर्षांनी लाईन आणवली. शेरे असलेली पानं तिने माझ्यासमोर चुलीत घातली. आमच्या घरचं हळदीकुंकू बंद झालं, कारण यायला कुणी उरलं नाही. ती स्वतः मात्र दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्या गल्लीत जायची. मला वाटायचं, मिटलं असेल त्यांचं. मी कधी सोबत गेले नाही.

तेरावं झाल्यावर गेले. शहनाजबी आता म्हातारी झाली आहे. "तू उनकी भतीजी ना?" म्हणून तिने मला आत नेलं, पलंगावर बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. आत्या गेल्याचं तिला कळलं होतं. "हम माफ नै करे उनकू," ती म्हणाली. "दस बरस. हर संक्रांत कू आते थे. वो बाहर स्टूल है ना, उसपेच बैठते थे. अंदर आओ बोलके किसीने नै बोला. तिल रखके चले जाते थे."

दारातून ते स्टूल दिसत होतं. लाकडी, बुटकं, एका पायाला दोरी बांधलेलं. आत्याचे गुडघे दुखायचे. त्यावरून उठताना तिला किती वेळ लागत असेल...

मग मी सांगितलं. वह्या, फ्लॉपी, किशोर, सगळं. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, पण सगळं सांगितलं. चहा आला, तिने सुनेला हातानेच थांबवलं. मग म्हणाली, "दस बरस हम उनकू ताने मारे. अब मैं माफी किसकू माँगूँ?"

मी पुन्हा त्या स्टुलाकडे पाहिलं.

"उठ," ती म्हणाली. "बाहर बैठ."

मी उठले आणि बाहेर जाऊन त्या स्टुलावर बसले. दार उघडंच होतं. आत ये, असं कुणी म्हणालं नाही.