चार्ज इंग्रजीत देणार नाही

इंग्रजी बोलायला मी सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकलो. शाळेत शिकलो होतो ती इंग्रजी निराळी. तिच्यात रजेचा अर्ज लिहिता येत असे, तोंड उघडता येत नसे. शिकलो याची मला खंत नाही. ती कुठे वापरायची नाही हे पुढे मी ठरवले, त्याचीही नाही.

नव्वदचे दशक निम्मे सरले होते. रोह्याजवळच्या धाटावमधल्या एका रसायन कारखान्यात मी हेल्पर म्हणून लागलो होतो, ऑपरेटर झालो होतो, आणि चार वर्षे शिफ्ट इनचार्जचे काम हंगामी म्हणून करत होतो. डिप्लोमा नव्हता, त्यामुळे कायम केल्याचे पत्र येत नव्हते. ते पत्र मला हवे होते. कोणी देईल म्हणून नव्हे. ते काम माझे आहे म्हणून.

त्या वर्षी नवे प्लांट मॅनेजर आले. दसऱ्यानंतर परदेशी ग्राहकांची माणसे कारखाना पाहायला येणार होती. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले.

"तुमचं काम चांगलं आहे. पण पाहुणे शिफ्ट बदलताना प्लांटमध्ये उभे राहणार. तिथे दोन इनचार्ज गावठी बोलताना दिसले तर कसं वाटेल?"

"काम दिसेल, साहेब."

"इंग्रजी बोला. पुस्तकी नको. त्यांच्यासारखं, सहज. पाहुणे येईपर्यंत जमवा. कायमचं पत्र मी स्वतः तुमच्या हातात देईन."

हीच अट माझ्या रिलीव्हरलाही होती. रिलीव्हर म्हणजे माझी शिफ्ट संपल्यावर माझ्या जागी येणारा माणूस. शिफ्ट फिरत असत, पण माझ्यामागून बहुधा तोच येई. तो पेणजवळच्या खाडीकाठचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. रोह्याला भाड्याने राहत असे. बारा वर्षे आम्ही एकमेकांना चार्ज देत होतो, आधी ऑपरेटर म्हणून, मग इनचार्ज म्हणून.

चार्ज देण्याची आमची एक रीत होती. ती कोणत्याही नियमावलीत नव्हती. जाणाऱ्याने येणाऱ्याला घेऊन सगळा प्लांट पायी फिरायचा. जे बिघडले आहे त्याच्यापुढे थांबायचे, ते हात लावून दाखवायचे. मग येणारा विचारी, "अजून?" जाणारा पुढचे सांगे. पुन्हा "अजून?" जाणारा "संपलं" म्हणेपर्यंत येणारा लॉगबुकातले पेन उचलत नसे. पेन उचलले की प्लांट त्याचा. या कामाला पंधरा मिनिटे लागत आणि त्यात गोड शब्द एकही नसे.

पेणमध्ये एक निवृत्त गृहस्थ बोलक्या इंग्रजीचा वर्ग घेत. त्यांची उमर विलायती जहाजांवर स्टुअर्ड म्हणून गेली होती. वर्ग रविवारी सकाळी असे. त्यांच्या भावाचा गणपतींचा कारखाना होता आणि त्या दिवसांत आतल्या दोन्ही खोल्या कच्च्या मूर्तींनी भरलेल्या असत, म्हणून आम्ही नऊ-दहा प्रौढ माणसे ओसरीवर ओळीने बसत असू. मास्तर एक वाक्य म्हणत. आम्ही ते त्यांच्या चालीत म्हणायचो. शब्द पाठ करणे त्यांना मान्य नव्हते. चाल आली पाहिजे, असे ते म्हणत.

"इंग्रज माणूस भेटल्याबरोबर आपली अडचण सांगत नाही," त्यांनी दुसऱ्याच रविवारी सांगितले. "त्याने 'हाऊ इज इट गोइंग' म्हटलं की तुम्ही 'कान्ट कम्प्लेन' म्हणायचं. तक्रार असली तरी."

"पोटात दुखत असलं तरी?" माझ्या रिलीव्हरने विचारले.

"तरी."

"मंग डॉक्टरला काय सांगतो त्यो?"

ओसरी हसली. मास्तर हसले नाहीत. "डॉक्टरचा धडा शेवटच्या महिन्यात आहे," ते म्हणाले.

येता-जाता एसटीत आम्ही सराव करत असू. नागोठण्यापर्यंत तो विचारी आणि मी उत्तर देई; पुढे उलट. 'लाँग टाइम नो सी.' 'सो फार सो गुड.' 'टेक इट इझी.' कंडक्टर दर रविवारच्या ओळखीचा झाला होता. "काका, तिकीट इंग्रजीत फाडू का मराठीत?" असे तो भर गाडीत विचारी. रिलीव्हर त्याला म्हणे, "तू फाड रं, आमची चाल बिघडवू नको."

घरी एवढे सोपे नव्हते. एकदा जेवताना पत्नीने आमटी कशी झाली म्हणून विचारले. मी "नॉट टू बॅड" म्हणालो. तिने पळी खाली ठेवली.

"अहो, मीठ हाय का नाय ते सांगा."

"कमी आहे."

"मग तसं सांगावं. मला घालता आलं असतं."

त्या दिवशी मला त्यात काही दिसले नाही. मी मीठ घेतले आणि जेवलो.

दोन महिन्यांत आमची चाल बसली. मॅनेजर साहेब खूश होते. पाहुण्यांच्या आधी सवय व्हावी म्हणून त्यांनी चार्ज केबिनमध्ये, टेबलापाशी द्यायला सांगितले. प्लांट फिरत बसू नये. लॉगबुक आहेच, असे त्यांचे म्हणणे. मी हरकत घेतली नाही. हे मी स्पष्ट लिहितो. हरकत घ्यायला हवी होती आणि मी घेतली नाही, कारण मला पत्र हवे होते.

श्रावणातला एक गुरुवार. माझी फर्स्ट शिफ्ट होती. कातडी जाळणारा गरम कॉस्टिक सोडा वर चढवणाऱ्या दोन नंबरच्या पंपाच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग अकराच्या सुमारास थेंब थेंब गळू लागले. मी नट आवळून गळती थांबवली. ती पुन्हा सुरू होणार हे मला ठाऊक होते. अशा वेळी जोडीचा तीन नंबरचा पंप चालू करतात. पण तीन नंबर मेकॅनिकने सकाळीच खोलला होता. त्याची मोटर फिरली असती, पंप फिरला नसता. मेकॅनिक त्यावर पाटी लावायला विसरला होता. या दोन्ही गोष्टी मी रिलीव्हरला तोंडी सांगणार होतो.

तीनला पाच मिनिटे असताना तो आला. साहेब टेबलाच्या कडेला हात बांधून उभे होते.

"हाय! हाऊ इज इट गोइंग?" रिलीव्हर म्हणाला.

"कान्ट कम्प्लेन. यू?"

"सो फार सो गुड."

"ग्रेट. इट्स ऑल युवर्स. टेक इट इझी."

"सी यू अराउंड."

साहेबांनी टाळी वाजवली. "परफेक्ट! अगदी त्यांच्यासारखं!"

रिलीव्हरने पेन उचलले. मी लॉगबुकात नेहमीसारखे 'ऑल नॉर्मल' लिहून सही केली होती. मी डबा घेतला आणि कंपनीच्या बसमध्ये बसलो. त्या वेळी माझ्या मनात समाधान होते. तेही लपवत नाही.

साडेचारला दोन नंबरचे पॅकिंग उडाले. रिलीव्हरने धावत जाऊन तीन नंबरचे बटण दाबले. मोटर फिरली, दाब आला नाही. का येत नाही ते पाहण्यात त्याची दोन मिनिटे गेली. मग तो उडत्या कॉस्टिकमध्ये हात घालून दोन नंबरचा वाल्व बंद करून आला. प्लांट वाचला. त्याचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

सहाच्या आत एक कामगार स्कूटरवरून माझ्या दारात आला. त्याच स्कूटरवर मी रोह्याच्या दवाखान्यात गेलो. हात पट्ट्यांत होता. तोंड नेहमीचे होते.

"मी सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"मी इचारायला हवं हुतं." तो छताकडे बघत राहिला. "पर तू कान्ट कम्प्लेन म्हणालास. मंग मी कशाला इचारू? मना वाटलं, आता काय, आपण साहेब झालो."

मी बसून राहिलो. नर्सने उठवले तेव्हा उठलो.

रविवारी मी पेणला गेलो. एकटाच. वर्ग सुरू होण्याआधी मास्तरांना सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला.

"हे चार्ज देताना म्हणालात?"

"हो. टेबलापाशी."

"अहो, ही चहाच्या वेळची वाक्यं! जहाजावर पहारा बदलताना मी कितीदा ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, चहा घेऊन गेलोय. तिथे जाणारा अधिकारी एकेक दिवा बोटाने दाखवायचा, येणारा मोठ्याने परत म्हणायचा. 'सो फार सो गुड' कोणी म्हणालं असतं तर कप्तानाने त्याला खाली धाडला असता. इंग्रजसुद्धा हे असं बोलत नाहीत, हो."

म्हणजे आम्ही इंग्रजांच्याही पुढे गेलो होतो. मी वही उघडली आणि वर्गात बसलो. अभ्यासक्रम मी पूर्ण केला. डॉक्टरच्या धड्यासकट.

सोमवारी साहेबांनी बोलावले. अहवाल टाइप होऊन तयार होता. येणाऱ्या इनचार्जने प्लांट ताब्यात घेताना खात्री केली नाही, एवढे त्याचे सार. खाली माझ्या सहीची जागा होती.

"सही करा. प्रकरण मिटेल. तुमचं पत्रही या आठवड्यात काढतो."

"चूक माझी आहे. त्याची नाही."

"इन इंग्लिश, प्लीज. सवय राहू द्या."

"नाही, साहेब. हे मराठीतच सांगणार. पंप गळत होता हे मी सांगितलं नाही. तीन नंबर खोलला आहे हे सांगितलं नाही. प्लांट न फिरता टेबलापाशी चार्ज दिला. तसा द्यायला तुम्ही सांगितलं आणि मी ऐकलं. हे चारही लिहा, मी सही करतो."

"म्हणजे मलाही अहवालात घालायचं?"

"तुम्ही टाळी वाजवली होती."

साहेबांनी कागद ओढून घेतला. "विचार करा. अशी संधी पुन्हा येणार नाही. तुमचं वय काय?"

"सत्तेचाळीस. विचार झाला आहे."

बाहेर येऊन मी कोऱ्या कागदावर ती चार वाक्ये लिहिली, सही केली आणि आवक विभागात देऊन पोच घेतली. त्या दुपारी रिलीव्हरच्या जागी दुसरा इनचार्ज आला होता. मी त्याला टेबलापाशी बसू दिले नाही. दंड धरून पंपाकडे नेले. साहेब केबिनच्या काचेतून पाहत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहणे सोडले.

पाहुणे दसऱ्यानंतर आले. तोवर रिलीव्हर कामावर रुजू झाला होता. हातावरची कातडी नवी, गुलाबी होती. तीनला पाहुणे प्लांटमध्ये उभे राहिले, साहेब त्यांच्या पुढे. आम्ही दोघांनी त्यांना "गुड आफ्टरनून" म्हटले, हात मिळवले, हवेबद्दल दोन वाक्ये बोललो. चाल उत्तम होती. मग आम्ही त्यांच्याकडे पाठ केली आणि पहिल्या पंपाकडे चालू लागलो.

"ह्यो बघ. सकाळपासनं गरम हाय," मी म्हणालो. बारा वर्षांत त्याची बोली मलाही लागली होती.

"किती?"

"हात लाव."

"अजून?"

एक उंच पाहुणा मागे आला. हे काय चालले आहे, असे त्याने मला विचारले. मी साधे उत्तर दिले: आय शो हिम एव्हरीथिंग बॅड. ही आस्क्स, मोअर? अनटिल फिनिश. त्यात चाल नव्हती. त्याने मान हलवली आणि वहीत काही लिहिले. काय लिहिले ते मला कळले नाही, आणि मी कोणाला विचारले नाही.

पत्र आले नाही. मलाही नाही, रिलीव्हरलाही नाही. डिसेंबरात ठाण्याहून दोन डिप्लोमावाले तरुण आले आणि शिफ्ट इनचार्ज झाले. आम्ही दोघे पुन्हा ऑपरेटर.

"माझ्यापायी गेलं तुझं," रिलीव्हर एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाला.

"तुझ्यापायी नाही. चहा घे."

माझ्या शिफ्टचे नवे इनचार्ज स्वभावाने वाईट नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवले. ऑपरेटरांनीसुद्धा एकमेकांना चार्ज इंग्रजीत द्यावा, अशी वरून सूचना होती.

"तुम्हाला तर येतं, असं ऐकलं."

"येतं. गेटवर बोला, कॅन्टीनमध्ये बोला, मी इंग्रजीत उत्तर देईन. चार्ज इंग्रजीत देणार नाही."

"हे आज्ञा मोडणं झालं, कळतंय ना?"

"कळतंय. लेखी द्या. त्याचं उत्तर इंग्रजीत देतो."

तीन वाजले होते. रिलीव्हर दारात उभा होता. मी निघालो, तो माझ्याबरोबर निघाला, आणि तिसऱ्या यंत्रापाशी पोहोचलो तेव्हा इनचार्ज आमच्या मागे उभे होते, हातात वही घेऊन. लेखी काही आले नाही.