गोळी लपवून खायची व्हय?

बायांनो, डोकं लय तापलंय म्हणून लिहिते.

सात म्हैने झालं, साताऱ्यात एका कंपनीच्या कँटिनात चपात्या लाटते. नवरा सोडून गेला, पोरगी दहावीला हाय. पुढच्या म्हैन्यात मला कायम करणार व्हते.

आज जेवल्यावर गोळी घेतली. सुपरवायझर म्हणाला, "कसली वो ताई?"

मी खरं सांगितलं, "मनाच्या आजाराची."

"मग उद्यापास्नं येऊ नका. हितं गॅस हाय, सुऱ्या हायती."

"सात म्हैन्यात कुणाला भोसकलं का मी?"

माझ्या शेजारी लाटायला बसणाऱ्या काकू रोज शुगरची गोळी खातात, त्यांना ह्योच पाणी आणून देतो!

गोळी सोडली तर मी अंथरुणातनं उठत न्हाई. घेतली तर काम जातं. तुमीच सांगा, काय करू?

उद्या मी जाणारच हाय. चपाती करपली तर कामावरनं काढ म्हणावं.