भरीत खायला आलेली पॉलिसी

आरोग्य विम्याचे फोन मला रोज येत. मी कोणावर खेकसत नसे, फक्त विचारत असे, "वडिलांना साखर आहे. तुमच्या पॉलिसीत ती पहिल्या दिवसापासून धरणार का?"

"सर, प्लॅन एकदम बेस्ट आहे."

"धरणार का, एवढंच सांगा."

मग हप्ता, सवलत, आजच शेवटचा दिवस. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून तोच आवाज.

एकदा माझा फोन आबांनी, म्हणजे वडिलांनी, उचलला. आबा मूळचे धुळ्याकडचे, पलीकडून बोलणारी बाईही धुळ्याची. तिने त्यांचा नंबर घेतला आणि रोज विचारू लागली, "आबा, बठ्ठं बरं शे ना?" म्हणजे सगळं ठीक ना. मेहरूणच्या आमच्या घरात त्यांच्याशी अहिराणीत बोलणारं दुसरं कोणी नाही.

आबांच्या जुन्या पॉलिसीचा हप्ता भरायला चार दिवस उरले तेव्हा ते म्हणाले, "ती भरू नको. मी तिले शबद देयेल शे. आपली धुयानी पोर शे ती."

मी हिशेब मांडला. जुन्या पॉलिसीत साखरेचा खर्च मिळू लागण्याआधीची तीन वर्षांची प्रतीक्षा संपली होती. ती वर्षं धरून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेण्याची मुदत उलटली होती. नवी घेतली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी ती भरीत खावाले येयी ऱ्हायनी."

हिवाळ्यात आमच्याकडे कोणालाही भरिताला बोलावतात. बोलावलेले सगळे येतात असं नाही. ही आली, धुळ्याहून एसटीने, पर्समध्ये फॉर्म घेऊन. चाळिशीची, दमलेली बाई. पाहुणा जेवेपर्यंत व्यवहाराचं बोलायचं नाही, म्हणून मी गप्प राहिलो. तिने दोनदा भरीत मागून घेतलं.

हात धुतल्यावर तिने फॉर्म काढला. मी माझा तोच प्रश्न विचारला. "सर, ते कंपनी बघेल," ती म्हणाली. आबांनी पेन हातात घेतलं होतं. पेन उघडता उघडता त्यांनी सहज विचारलं, "पोरी, तुना बापनी पॉलिसी कोनती शे? हीच ना?"



"नाही आबा. त्यांची जुनीच चालू आहे."

"का वं?"

"त्यांनाही साखर आहे."

आबांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, चिडतील. ते आत पाहून सुनेला म्हणाले, "हिना बापकरता डबामा भरीत भर."

ती गेल्यावर मी जुन्या पॉलिसीचा हप्ता भरला आणि पावती आबांना दाखवली.

फोन अजून येतात, दुसऱ्यांचे. आता मी ते आबांकडे देतो. आबा आधी समोरच्याचा बाप कसा आहे ते विचारतात, मग त्या बापाची पॉलिसी कोणती ते. बहुतेक वेळा फोन तिकडूनच बंद होतो.