बुडत्या क्लबला पोह्यांचा आधार

अमेरिकेत चँडलरला आमच्याकडे दर शनिवारी सकाळी नवऱ्याचे तीन मित्र यायचे, इंग्लंडमधला फुटबॉल बघायला. एकाही मेल्यानं जन्मात बॉलला पाय लावलेला नाही. पण बोलणं असं, की तिकडचा कोच यांना विचारल्याशिवाय पाणी पीत नसेल.

मी नागपूरची डेंटिस्ट. इथे कुणाच्या दाताला हात लावायचा तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि मी दोनदा नापास झाले होते. आठवडाभर मुलगी आणि घर, अभ्यासाला शनिवारची सकाळ तेवढी उरायची. नेमका एका शनिवारी यांचा क्लब हरता हरता जिंकला आणि त्या दिवशी मी पोहे केलेले. झालं! पोहे शुभ ठरले. चौघेही चिप बनवणाऱ्या कंपन्यांतले इंजिनियर बरं का. पुढे एकदा उपमा केला, क्लब हरला, तर माझ्याकडे असे बघत होते जणू गोल मीच सोडला.

मग मॅचेस वाढल्या. शनिवार होताच, रविवार आला, मधल्या वारी कुठले कुठले कप आले. वर्क फ्रॉम होम सांगून हे भरदुपारी सोफ्यावर. मॅच तिथे पोहे. क्लब मात्र घसरत शेवटून तिसरा झाला. तिथेच राहिला तर पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये जाणार होता. एकजण मान हलवत म्हणाला, "वहिनी, दर तीन दिवसांनी मॅच म्हणजे जुलूम आहे. माणसं आहेत का यंत्रं?" आणि रिकामी प्लेट पुढे केली. लिंबूही मागितलं. लाज नावाची गोष्ट यांच्या आसपास फिरकत नसावी.

शेवटची मॅच रविवारी, माझी परीक्षा सोमवारी. मी पुस्तकं उचलली आणि कॉफी शॉपमध्ये जाऊन बसले. थोड्या वेळानं नवऱ्याचा फोन, आधी कांदा घालायचा की मोहरी? मोहरी म्हटलं आणि फोन बंद करून टाकला.

क्लब बुडाला. घरी आले तर चौघं सुतकी चेहऱ्यानं बसलेले, कढईत पोह्यांचा लगदा. मी घरी असते तर क्लब वाचला असता, असं नवरा म्हणाला. चेष्टेत नाही, मनापासून. उद्याच्या परीक्षेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. महिन्याभरात चौघांनी त्या वर्षी जिंकलेल्या क्लबच्या जर्सी मागवल्या. उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय!

माझा निकाल आला तेव्हा नवरा ती नवी जर्सी घालून आरशासमोर उभा होता. पास झाले, म्हटलं.

"अरे वा," तो म्हणाला. "म्हणजे आता तुझे शनिवार मोकळे ना?"

मी पोह्यांचा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला.